पडद्यातलं पाणी

भूकंपानं आमचं घर पाडलं, त्याचं मले तितकं वाईट नाही वाटलं. मातीचं घर होतं, वर कवेलू. दरवर्षी मीच लिंपत होती, त्याच्या साऱ्या खोड्या मले माहीत होत्या. मागची भिंत तर कवापासून पोट काढून उभी होती. मी बुढ्याले, माझ्या नवऱ्याले, हजारदा सांगतलं, ही भिंत एक दिवस बसन खाली. बुढा म्हणे, बसू दे, तिचेही पाय दुखत असतीन. असा माणूस.

वाईट वाटलं ते नाटक मंडळाच्या खोलीचं. काहून, ते सांगते. मले मधात कोणी टोकू नका. टोकलं का मी विसरते, अन् विसरली का चिडते.

आमचं गाव एकोडी, साकोलीच्या बाजूचं, धानाचं गाव. माझा बुढा म्हणजे सेवकराम. धान करते अन् नाटकाचे पडदे रंगवते. रंगवत होता म्हणा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली का गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी, अन् मंडई म्हटली का नाटक आलंच. आता मोठ्या कंपन्या येतात, महाल अन् जंगल फ्लेक्सवर छापून आणतात. पहिले तसं नव्हतं. पहिले गावचं नाटक गावचेच लोक करत. मिश्या काढून पोट्टे राणी होत. अन् पडदे मंडळाचे स्वतःचे राहत. एक महालाचा, एक जंगलाचा, एक रस्त्याचा. आमच्या मंडळाजवळ अजून एक होता, तलावाचा. तसा पडदा आसपास कोणाजवळच नव्हता. दुसऱ्या गावचे लोक बैलगाडी घेऊन मागायले येत, अन् आमचे मंडळवाले मोठ्या तोऱ्यात नाही म्हणत.

हे सारे पडदे बांबूले गुंडाळून मंडळाच्या खोलीत ठेवून होते. बुढ्यानंच रंगवले होते, जवान होता तवा. नाटकाचे पडदे बंद झाले, तसा त्यानं ब्रश धुवून आढ्याले खोचून ठेवला. मंग कधी काढला नाही.

भूकंप झाला तो थंडीच्या दिवसात, सकाळच्या पारी. मी चुलीपाशी बसली होती. फळीवरचे भांडे वाजले. मले वाटलं मांजर आहे, मी मांजरीले शिवी दिली. मंग चूलच हालली. बाहेरून बुढा ओरडला, "धुरपता, बाहेर निघ वं." मी निघाली, अन् मागची भिंत बसली. बुढ्याचं खरं झालं, तिचे पाय लय दुखत होते.

देवाची कृपा म्हणा, गावात कोणाचा जीव नाही गेला. पण अर्ध्या गावाच्या भिंती फाटल्या. परत हालन या भेवानं कोणी घरात जायले तयार नव्हतं. सारे खळ्यावर येऊन बसले. थंडी मी म्हणत होती, पांघरायले काही नाही. तवा कोणाच्या तरी डोक्शात आलं का मंडळाच्या खोलीत पडदे आहेत, तेच बांधू वर. खोली तर पुरी खाली आली होती. पोट्ट्यांनी माती उकरली, आडवं पडलेलं लाकूड बाजूले केलं अन् पडदे काढले.

बेबीबाई माझी शेजारीण. तिच्या वाट्याले जंगलाचा पडदा आला, आमच्या वाट्याले महालाचा. मी तिले म्हणलं, "बेबी, जन्मभर मातीच्या घरात काढली, आता पाह्य मी महालात राहते. तू वाघाले सांभाळून झोप." ती हसली. तिची चूल बुजली होती, गाय दिसून नव्हती राहिली, तरी हसली. लोक म्हणतात मी लय बोलते. बोलणं कामी पडते असं.

शेवटी तलावाचा पडदा उलगडला. पोट्ट्यांनी दोन्ही बाजूनं धरून वर केला अन् मले दिसलं. वरचा भाग जसाच्या तसा होता. आभाळ होतं. तलावाची पाळ होती. पाळीवरचं मोहाचं झाड होतं, जे खरंखुरं कवाच तोडलं गेलं. देऊळ होतं. अन् त्याच्या खाली काहीच नव्हतं. लाकूड त्याच्यावरच पडलं होतं, आधीपासून उंदरानं कुरतडलं होतं, ओल लागली होती. खालचा अर्धा भाग चिंध्या होऊन लोंबून राहिला होता.

सारे म्हणाले, सेवकरामभाऊ, तुमचं नशीब जोरावर, मोठा भाग वाचला. मंडळाचे दादाजी तर बुढ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झाड वाचलं, देऊळ वाचलं. पाणी काय, पाणी गेलं तर गेलं."

मी तिथून उठली अन् धानाच्या पुंजण्याच्या मागं जाऊन रडली. घर पडलं तवा नव्हती रडली. दादाजीले काय माहीत. ते पाणी माझं होतं.

आता हे पाणी माझं कसं, ते आयका.

माझं माहेर सानगडी. लग्न होऊन एकोडीले आली, त्याच्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. मंडळानं राजाराणीचं नाटक बसवलं होतं, त्यात राणी तलावापाशी रडते. म्हणून बुढ्याले तलावाचा पडदा सांगतला. तवा तो बुढा नव्हता, चांगला उंचापुरा होता, केसाले तेल लावून फिरे. त्यानं मांजरपाट आणला, शिवला, खळ दिली अन् माझ्या आंगणात अंथरला. पुऱ्या आंगणात. मी धान उकडून ठेवलं होतं, ते वाळू घालायले बोटभर जागा नाही ठेवली.

आभाळ झालं, पाळ झाली, झाड झालं. राजाचा तलाव काढायचा होता, पण यानं काढला एकोडीचाच. तोच मोह, तेच देऊळ. मी म्हणलं, राजा काय आमच्या तलावावर म्हशी धुवायले येते का. तो म्हणाला, मी दुसरा तलाव पाहिलाच नाही, तर काढू कुठला. मंग पाणी काढायले बसला. निळा रंग सरसात कालवला अन् ब्रशनं पाणी काढलं. ते दिसे टिनाच्या पत्र्यासारखं. पुसलं, परत काढलं. परत पत्राच. इकडं माझं धान टोपल्यात आंबून राहिलं. सासू मले बोलून राहिली. अन् हा माणूस पडद्यापाशी उकिडवा बसून आभाळाकडं पाहून राहिला.

माझं डोकं गेलं. हातात आंगण झाडायचा फडा होता, शिंदीच्या पानाचा, पाण्यात भिजवून आणलेला. मी म्हणलं, तुमाले नाही जमत तर मी झाडते तुमचं पाणी. अन् त्याच्या ओल्या रंगावर फडा ओढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. जितका राग होता तितक्या जोरानं.

मंग भेव लागलं. मांजरपाट फुकटचा नव्हता. मले वाटलं आता हा मले माहेरी धाडते.

तो उठला. कोपऱ्यात गेला, तिथून पाहिलं. मंग ओट्यावर चढून पाहिलं. खाली आला अन् म्हणाला, "अजून एक डाव ओढ. हलक्या हातानं."

ओढला. फड्याच्या पानापानानं बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या, कुठं दाट, कुठं विरळ, खालचा पांढरा कपडा मधातून दिसे. पाणीच होतं ते. सानगडीच्या तलावावर सकाळचा वारा सुटला का पाणी असंच दिसे, मी लहानपणी पायऱ्यावर बसून पाहत होती. मंग दोघांनी मिळून पुरं पाणी केलं. तो रंग शिंपडे अन् मी फडा ओढे. माझ्या लुगड्याचा काठ निळा झाला तो कधी निघालाच नाही. धान आंबलं ते आंबलंच. सासूनं दोघांलेही जेवायले नाही दिलं.

मंडईच्या दिवशी नाटक होतं. आमच्याकडं रिवाज आहे, पडदा उघडायच्या आधी एक जण माइकवर येते अन् साऱ्यांचे नाव घेते. राजा कोण, राणी कोण, पेटीवर कोण, तबल्यावर कोण. हे काम दादाजीचं. आवाज असा का शेजारच्या गावाले आयकू जाय. मी बायांमधी बसली होती, बेबीबाईच्या बाजूले. दादाजी म्हणाले, "अन् पडदे रंगवले, आपल्या एकोडीचे सेवकराम पेंटर." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मंग तलावाचा पडदा खाली आला. पहिले सारे हसले, अरे हा तर आपला तलाव म्हणून. राजाचं काम करणारा चिडला. पण मंग गॅसबत्तीचा उजेड पडला, वाऱ्यानं पडदा थोडा हालला अन् सारे चूप झाले. बेबीबाईनं माझा हात धरला. म्हणाली, "धुरपता, पाणी हालून राहिलं वं."

मी काही नाही बोलली. मी, अन् बोलली नाही. मनात होतं का कोणीतरी म्हणावं, पाणी धुरपताचं आहे. एकदा म्हणावं, जोरानं, माइकवर. मंग दरवर्षी तेच. दरवर्षी मंडई, दरवर्षी दादाजी, दरवर्षी सेवकराम पेंटर. बुढ्याले मी कधी विचारलं नाही अन् त्यानं कधी सांगतलं नाही. नाटक बंद झाले, पडदे खोलीत गेले. मी मनाले म्हणे, नाव नाही तर नाही, पाणी तर आहे. अन् आता पाणीही गेलं होतं.

खळ्यावर राहत होतो तवाच एक दिवस भंडाऱ्यावरून गाडी आली. शहरात कलादालन आहे, तिथली रुपा मॅडम होती. आमच्या लेकीच्या वयाची. बिचारी गावोगाव फिरून राहिली होती. म्हणाली, भूकंपानं ज्या कलाकारांचं घर पडलं, काम पडलं, त्यांच्यासाठी दालन मोकळं केलं आहे. तिथं येऊन काम करा, कपडा, रंग आमी देऊ, मंग सारं लोकायले दाखवू. एक कुंभार आला होता, त्याची भट्टी बसली होती. पोळ्याचे लाकडी नंदी करणारा एक होता. तिले कोणीतरी आमच्या पडद्याचं सांगतलं होतं.

तिनं महालाचा तंबू पाहिला. आत वाकून पाहिलं तर मी भात शिजवून राहिली होती. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी म्हणलं, "रडू नको माय, राणीच्या घरी आली, जेवून जा." जेवली. वांग्याची भाजी तिले तिखट लागली, पण जेवली.

मंग तिनं तलावाचा पडदा पाहिला अन् लय वेळ पाहत राहिली. बुढ्याले म्हणाली, "काका, हा पुरा करता येईल का? खाली नवा कपडा जोडून? तुम्ही परत रंगवाल?"

बुढ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी भाताकडं पाहिलं.

"पाहतो," बुढा म्हणाला.

ती गेल्यावर मी बुढ्याले म्हणलं, "जा की. रंगवा. तुमचंच नाव आहे, तुमालेच बोलावलं."

"तू बी चाल," तो म्हणाला.

"मी कायले? स्वैपाक करायले?"

तो उठून चालू लागला. त्याची ही खोडच आहे. मी भांडायले उभी राहिली का तो टोपी घालते अन् निघून जाते.

मंग तो रोज साकोलीवरून बस धरून भंडाऱ्याले जाऊ लागला. मी डबा बांधून देई. बोलत नव्हती, पण डबा देई. किती वर्षानं त्यानं आढ्याचा ब्रश हुडकला होता, मातीतून. परत येई तवा चाल बदललेली दिसे. खांदे वर. खळ्यावर बसून लोकायले सांगे, कुंभारानं आज काय केलं, रुपा मॅडम चहा कशी पाजते, दालनात उजेड किती. मले आयकू यावं म्हणून जोरानं सांगे. मी आयकत नसल्यासारखी करून सारं आयके. खोटं कायले बोलू, त्याले तसं पाहून मले बरं वाटे. अन् राग तर होताच.

हात धुवायले आला का मी चोरून त्याचे नखं पाहत होती. एक दिवस हिरवं होतं, म्हणजे मोहाचं झाड नीट केलं. एक दिवस गेरूचं लाल, म्हणजे पाळ. निळं कधी दिसलं नाही. मी म्हणलं, पाणी शेवटी काढत असन. ब्रशनं काढन. पत्रा करन. अन् लोक पत्र्यालेच टाळ्या वाजवतीन. त्या दिवशी मी त्याच्या डब्यात भाजीत मीठच नाही टाकलं.

प्रदर्शनाच्या दिवशी गावानं टेम्पो केला. बुढा आदल्या दिवशीच गेला होता. सकाळी मी निघायच्या आधी जागा झाडायले गेली तर फडा नाही. सारं खळं पाहिलं. मले पक्कं माहीत होतं का बेबीबाईनं नेला, तिचीच सवय. तिले बोलली, ती मले बोलली. टेम्पोत दोघीही तोंड फिरवून बसलो अन् भंडारा आला तरी चूपच होतो.

दालन चांगलं होतं. पांढऱ्या भिंती, वर मोठमोठे दिवे. एका बाजूले कुंभाराचे मडके, एका बाजूले नंदी. लोक लय होते, शहरातले अन् खेड्यातले मिसळून. अन् समोरच्या भिंतीवर आमचा पडदा, बांबूले दोर बांधून, नाटकात टांगत तसा.

आभाळ होतं, झाड होतं, देऊळ होतं, सारं नवं केल्यासारखं. अन् खाली पांढरा कपडा. कोरा. एक रेघ नाही.

मले वाटलं बुढ्याले जमलं नाही. मले वाटलं आता सारे हसतीन. इतके दिवस रागावली होती, पण त्याच्यावर कोणी हसावं असं मले नव्हतं पाहिजे. मी गर्दीतून पुढं घुसली.

दादाजी पहिलेच तिथं पोहोचले होते. म्हणाले, "सेवकराम, अरे पाणी राहिलं ना."

"पाणी मले येत नाही," बुढा म्हणाला. जोरानं म्हणाला. तो जोरानं बोलणारा माणूस नाही. "कधीच नव्हतं येत. पाणी धुरपताचं होतं. तिनं काढलं होतं, तीच काढन. नाही काढलं तर असंच राहीन."

दादाजी म्हणाले, "मंग तवा काहून नाही सांगतलं बाप्पा?"

"सांगतलं होतं," बुढा म्हणाला. "पहिल्याच नाटकाले सांगतलं. तुमीच म्हणले, घरच्या बाईचं नाव माइकवर घेत नसतात, लोक काय म्हणतीन. पुढच्या वर्षी परत सांगतलं. परत तेच म्हणले. मंग मी सांगणं सोडलं."

दादाजी खाली पाहू लागले. मी बुढ्याकडं पाहिलं. म्हणलं, "अन् मले काहून नाही सांगतलं इतके वर्ष?"

"तुले सांगतलं असतं तर तू भर नाटकात दादाजीले फड्यानं झोडलं असतं."

खरं होतं. झोडलं असतं.

मंग त्यानं भिंतीमागून बादली आणली. बादलीत पाणी, अन् पाण्यात माझा फडा. बेबीबाईनं तो पाहिला अन् माझ्याकडं असं पाहिलं का मले जन्मभर पुरन.

रुपा मॅडमनं दोर सोडायले सांगतलं. पडदा खाली आला, फरशीवर अंथरला. मी म्हणलं, माय, तुमची फरशी निळी होईन. ती म्हणाली, होऊ द्या. बुढ्यानं सरसात निळा कालवला. शिंपडताना थोडा आभाळावरही उडाला. मी पदर खोचला, फडा उचलला. मनात म्हणलं, धुरपता, आता राग कुठून आणशीन. त्या दिवशीचा राग तर कवाच गेला. पण मंग सानगडीच्या पायऱ्या आठवल्या. सासू आठवली, आंबलेलं धान आठवलं, केसाले तेल लावणारा तो उंच माणूस आठवला, अन् हात आपोआप निघाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अजून एक डाव," बुढा म्हणाला. "हलक्या हातानं."

ओढला. गुडघे दुखले, पण ओढला. मंग त्यांनी दोर ओढून पडदा वर केला. निळ्याचे दोन-चार थेंब फरशीवर टपकले. दार उघडं होतं, बाहेरून हवा आली अन् कपडा थोडा हालला. बेबीबाई सकाळपासूनचं भांडण विसरली अन् तिनं माझा हात धरला.

दादाजीनं रुपा मॅडमजवळचा माइक मागून घेतला. आता आवाज पहिलेसारखा नाही राहिला, फाटला आहे. पण उभे राहिले तसेच, छाती काढून, जसे मंडईत राहत. म्हणाले, "मायबाप हो, आजचा पडदा रंगवला, एकोडीचे सेवकराम पेंटर." थांबले. घसा खाकरला. "अन् पाणी काढलं, एकोडीच्या धुरपताबाईनं."

टाळ्या पडल्या. मी बुढ्याकडं पाहिलं तर तो टोपीनं डोळे पुसून राहिला होता. माझे हात निळे, मले तर पुसताही येत नव्हते.

मी पुढं गेली अन् म्हणलं, "दादाजी, एकदा अजून म्हणा. मले नीट आयकू नाही आलं."

त्यांनी परत म्हटलं, पहिल्यापेक्षा जोरानं.

मले पहिल्या वेळेसच चांगलं आयकू आलं होतं.